पडदा सांगलीचा, होड्या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या

गच्चीवर, अंगणात किंवा मंडळासमोर पडदा लावून देणारा एक पोरगा आहे आपल्या सांगलीत. शंभर फुटी रोडला एका गाळ्यात त्याचं सामान असतं. क्रिकेटच्या मॅचा, लग्नाचे व्हिडिओ, गणपतीतले देखावे, असली कामं घेतो. नाव टाकत नाही, कारण बरं आणि वाईट दोन्ही लिहायचंय आणि गाव लहान आहे.

आमचं काम त्याच्या नेहमीच्या कामापेक्षा वेगळं होतं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३१ वर्षं दिवाणजी होतो. पण सांगलीवाडीत मला ओळखतात ते तरुणपणीच्या नऊ पावसाळ्यांमुळं. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत मी डाव्या बाजूला तिसरा बसायचो. त्या होडीतले आम्ही सात जण अजून आहोत आणि दर फेब्रुवारीत बापूच्या गच्चीवर जमतो. भडंग, भजी, चहा, आणि एकाच हरलेल्या शर्यतीवरून दर वर्षी तेच भांडण. यंदा पुण्याच्या पुतण्यानं पेनड्राइव्ह हातात दिला. म्हणाला, "काका, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कॉलेजच्या पोरांच्या होड्या आहेत. काही अमेरिकेतल्या, काही विलायतेतल्या. बघा तरी." एकूण २८ मिनिटं. मोबाइलवर लावलं तर मुंग्यांची रांग चालल्यासारखं दिसलं. म्हणून पडदा.

फोन केला.

"कुठला पिक्चर आहे काका?"

"होड्यांचा आहे. मूकपट."

"म्हणजे आवाजच नाही?"

"नाही."

थोडा वेळ तोही मूक झाला. मग म्हणाला, "स्पीकरचे पैसे कमी होणार नाहीत पण."

मी तेच विचारणार होतो. पोरगा धंद्याला पक्का.

२,८०० ला ठरलं. दहा बाय सहाचा पडदा, प्रोजेक्टर, दोन स्पीकर, सोबत एक मदतनीस, तीन तास. ५०० रुपये ॲडव्हान्स.

सातला येणार होता, पावणेआठला आला. कारण काय, तर आयर्विन पुलावर गर्दी. बापूच्या गच्चीवरून पूल दिसतो, आणि आम्ही सातही जण पाऊण तास त्या पुलाकडंच बघत बसलो होतो. असो. सामान मात्र चांगलं निघालं. वायर स्वतःची आणि भरपूर लांब, बोर्ड स्वतःचा, कुणाच्या घरात प्लग शोधत हिंडणं नाही. पडदा पाण्याच्या टाकीच्या खांबांना बांधला. नदीवरनं वारा सुटला की पडद्याला पोट यायचं, तर त्यानं न सांगता खालच्या कडेला चार विटा लटकवल्या. ह्याचे पूर्ण गुण.

चित्र उमटलं आणि बापूनं विचारलं, "ही होडी आहे का एसटी?"

चित्र ताणलेलं होतं. मूकपटाची चौकट चारास तीन, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीसारखी. ह्यानं पडदा भरायचा म्हणून ती सोळास नऊ केली. आठ गड्यांची ती विलायती होडी मुळातच १८ मीटरच्या आसपास लांब असते. मी तिथंच हिशेब केला, ताणून २४ मीटर झाली होती. आतली शिडशिडीत पोरं तालमीतल्या पैलवानांसारखी दिसत होती. सांगितल्यावर दुरुस्त केलं, पण दोन्ही बाजूंना काळे पट्टे आल्यावर त्याचा जीव कळवळला. "काका, पडदा वाया जातोय."

त्यात मागं कोळीगीताची धून. "होड्या आहेत ना, म्हणून टाकली." पडद्यावर १९०४ सालची हडसन नदी, न्यूयॉर्क राज्यातलं पुकिप्सी नावाचं गाव, कडक कॉलरवाले बघे, आणि स्पीकरमधून ढोलकी. दोन मिनिटं हसलो, मग बंद करायला लावली. त्या काळीही थेटरात पियानो वाजवायचे, हे मला माहीत आहे. पण ढोलकीच्या ठेक्यावर वल्हं पडत नसलं की माझ्यासारख्याच्या पोटात कालवतं. शेवटी प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली. ती पुरली.

आता खरी गोष्ट. वेग.

पडद्यावरची पोरं वेड लागल्यासारखी वल्हवत होती. काठावरचे टोपीवाले कोंबडीच्या पिल्लांसारखे तुरुतुरु पळत होते. सगळ्यांना हसू येत होतं. मदतनीस म्हणाला, जुनं शूटिंग असंच असतं. मला पटेना. मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत मोजायला सुरुवात केली. २० वल्ही २२ सेकंदांत पडली, म्हणजे मिनिटाला ५४. आमच्या होडीत तोंड पुढं, वल्हं आखूड, हातात सुटं. त्याला शेवटच्या टप्प्यात ६० चा ठेका जमतो. पण त्या पोरांची तोंडं मागं, आणि वल्हं १२ फुटी, होडीच्या बाहेर काढलेल्या लोखंडी फाट्यात अडकवलेलं. एकेक गडी ते दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढतो. १२ फुटी वल्ह्याला ५४ चा ठेका चार मैल कोण टिकवेल? खांदे निखळून पाण्यात पडतील.

पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, त्या काळच्या कॅमेऱ्याला मोटर नसायची, हँडल असायचं. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ चित्रं. हा साधारण ठोका. फिरवणाऱ्याच्या हाताप्रमाणं कमी-जास्त व्हायचा. पुढं बोलपट आले आणि आवाजासाठी २४ चा वेग ठरला. १६ नं काढलेलं २४ नं चालवलं की सगळं दीडपट पळतं.

दिवाणजीला एवढं पुरे. ५४ भागिले दीड, ३६. मिनिटाला ३६ वल्ही म्हणजे आठ गड्यांच्या शर्यतीच्या होडीचा अगदी माणसातला ठेका.

पडदेवाल्याला विचारलं, कमी होतो का वेग? त्यानं काही न विचारता लॅपटॉपवर ०.६७ केला. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सोय असते. घरी बघणाऱ्यांनीही करून बघावी. आणि गच्चीवरचं हसू थांबलं.

पिल्लं गेली आणि माणसं आली. काठावरचा एक जण चालता चालता टोपी धरून मागं वळला, ते कळलं. वल्हं पाण्यात शिरताना पातं उभं असतं, बाहेर निघाल्यावर मनगटाच्या एका वळणात आडवं होऊन वाऱ्याला कापत मागं जातं, ते दिसलं. होडीच्या बुडाखालून सुटलेलं पाणी दिसलं, आणि प्रत्येक वल्ह्यानं मागं सोडलेले भोवरे दिसले, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. बापूनं तीस वर्षं होडीच्या मागच्या टोकाला बसून दिशा धरली आहे. तो इतका वेळ भजी खात होता, त्यानं बशी खाली ठेवली. विलायती होडीतही मागं एक लहानसर पोरगा बसतो, सुकाणूच्या दोऱ्या धरून. पुढं बघणारा तो एकटाच. आठ जण त्याच्याकडं तोंड करून, कुठं चाललोय ते न बघता ओढतात. बापू म्हणाला, "बघा, ह्याला म्हणतात विश्वास. आणि तुम्ही सगळे मला पुढं बघून शिकवत होता." झालं. जुनं भांडण परत सुरू.

मग महादूअण्णा ओरडले, "पाय बघा, पाय!"

बैठक सरकत होती. ५४ च्या वेगात हे दिसतच नव्हतं, नुसतं अंग हलल्यासारखं वाटायचं. ३६ वर आणल्यावर स्पष्ट दिसलं: गुडघे दुमडून गडी पुढं येतो, वल्हं पाण्यात टाकतो, आणि पाय ताणून बैठकीसकट मागं जातो. हातांचं काम सगळ्यात शेवटी. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत ही सरकती बैठक १८७३ सालापासून आहे. आणि आम्ही? गुडघे घट्ट रोवून कमरेतून आणि खांद्यातून ओढायचो. माझा डावा खांदा अजून पावसाळ्यात बोलतो. तो एक तुकडा आम्ही चार वेळा लावायला सांगितला आणि पडदेवाल्यानं चारही वेळा कुरकुर न करता लावला. पाचव्या वेळी बापू घरात गेला, पाट आणला, खाली दोन लाटणी घातली आणि गच्चीच्या फरशीवर पाय ताणून मागं गेला. थेट टाकीवर आपटला. सूनबाईंनी लाटणी परत नेली.

दाखवलेल्या चित्रांबद्दल खरं सांगायचं तर २८ मिनिटांतली नऊ-दहा मिनिटं सोन्यासारखी आहेत. बाकी टोप्या. विलायती बातमीपटवाल्यांना होड्यांपेक्षा गर्दी प्यारी: पूल भरून माणसं, काठ भरून माणसं, मध्ये एक पोलीस, आणि होड्या येतात तोवर तुकडा संपतो. सुरुवात बघितली तर शेवट नाही, शेवट दिसला तर कोण जिंकलं ते अक्षरांच्या पाटीवर. अमेरिकेतल्या तुकड्यात होड्या इतक्या लांब की ताटात सांडलेल्या शेवया. तिथं नदीकाठानं रेल्वे होती आणि शर्यतीच्या दिवशी उघड्या डब्यांत बाकं टाकलेली गाडी होड्यांच्या बरोबरीनं चालवायचे. पैसे भरायचे आणि शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. आपल्याकडं लोक होडीबरोबर काठानं पळतात, घसरतात, शिव्या देतात. मला आपलं बरं वाटतं, पण गाडीची कल्पना वाईट नाही.

कोणता संघ कोणता, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा, केंब्रिजचा फिकट निळा, आणि पडद्यावर दोघंही चुना लावल्यासारखे. त्या काळच्या फिल्मला निळा रंग जास्तच लागायचा, म्हणून निळं ते पांढुरकं उमटायचं आणि आकाश कोरं राहायचं. पिवळा-तांबडा तिला जवळजवळ दिसायचाच नाही, तो काळा पडायचा. म्हणजे आमच्या यार्डातला सौदा त्या कॅमेऱ्यानं टिपला असता तर राजापुरी हळदीचा ढीग कोळशासारखा दिसला असता. भाव काय निघाला असता देव जाणे.

पुतण्यानं पेनड्राइव्हबरोबर दोन पानांचं टिपणही दिलं होतं. ते महादूअण्णांनी प्रोजेक्टरच्या उजेडात मोठ्यानं वाचलं, आणि गच्चीवर निम्मी करमणूक त्याची झाली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पहिली शर्यत १८२९ ची. आताचं अंतर लंडनमध्ये पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत, चार मैल ३७४ यार्ड, म्हणजे जवळपास पावणेसात किलोमीटर. आणि ते जातात नदीच्या वरच्या अंगाला! सगळ्यांनी एकदम "आं?" केलं. तिथं समुद्राची भरती टेम्स नदीत आतपर्यंत चढते, तेवढ्यापुरतं पाणी उलटं वाहतं, आणि शर्यतीची वेळ त्या भरतीवरून ठरते. आम्हाला उलटं पाणी माहीत ते फुगवट्याचं. २०१९ ला ह्याच गच्चीवरून पुलाजवळचं पाणी ५७ फुटांवर गेलेलं बघितलंय. त्या पाण्यात शर्यत लावायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही.

१९१२ ची हकिकत तर दोनदा वाचायला लावली. ३० मार्चला वारा एवढा होता की केंब्रिजची होडी भरून बुडाली, ऑक्सफर्डची भरली ती काठाला लावावी लागली. शर्यत रद्द. एक एप्रिलला परत घेतली, तेव्हा ऑक्सफर्ड जिंकलं. ते चित्रण आमच्याकडं नव्हतं, पण होडी बघितल्यावर कारण कळतं: दोन फूट रुंदी, आणि काठ पाण्यापासून चार बोटं वर. नदीत ढेकूळ पडलं तरी आत पाणी येईल. महादूअण्णा म्हणाले, "दोघंही बुडाले म्हणजे बरोबरी. आमच्यात मिटवून टाकला असता विषय."

माझ्या मंडळी चहा घेऊन वर आल्या तेव्हा १९२७ चं चाललं होतं. त्या वर्षी बायकांची पहिली ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यत झाली, पण दोन्ही होड्यांना एकत्र पाण्यात सोडलं नाही. एकेक होडी वेगळी नेली आणि वेगाबरोबर ऐटदारपणाला गुण दिले. मंडळींनी ऐकून घेतलं, कप ठेवले आणि विचारलं, "पुरुषांना ऐटीचे गुण नव्हते का? टोप्या तर केवढाल्या." कुणाला उत्तर सुचलं नाही.

एक गोष्ट मला फार आवडली, ती दिवाणजी म्हणून. हे अमेरिकेतले जुने तुकडे टिकले कसे? त्या वेळची फिल्म भडकन पेट घेणारी, नाहीतर डब्यात कुजून भुकटी होणारी. पण १९१२ पर्यंत तिथल्या कायद्यात सिनेमाच्या हक्काची नोंद करायची सोयच नव्हती, छायाचित्राची होती. म्हणून कंपन्या सगळा सिनेमा लांबलचक कागदाच्या पट्टीवर छापायच्या आणि छायाचित्रं म्हणून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये दाखल करायच्या. फिल्म गेली, कागद राहिला. पुढं त्या कागदावरून परत फिल्म केली. आज त्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून असे तुकडे फुकट उतरवून घेता येतात, आणि पुतण्यानं तेच केलं. आमचे मालक संगणक आल्यावर कीर्द-खतावण्या रद्दीत घालायला निघाले होते. मी घालू दिल्या नाहीत. आता त्यांना हे सांगायला पाहिजे.

टिपणात सगळ्यात जुनी नोंद १८९५ ची. ३० मार्चला बर्ट एकर्स नावाच्या माणसानं ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत कॅमेऱ्यात धरली. दाखवायला पडदा नव्हता. पेटीत डोळा लावून एकेकानं बघायचं, जत्रेतल्या बायस्कोपसारखं. मुंबईत वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा सिनेमा दाखवला तो ७ जुलै १८९६ ला, म्हणजे सव्वा वर्षानं. आणि आपल्या सावेदादांनी, म्हणजे भाटवडेकरांनी, १९०१ साली जे चित्रण केलं ते केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं. परांजपे तिथल्या सेंट जॉन्स कॉलेजचे. त्याच कॉलेजच्या बोट क्लबच्या लालभडक कोटांवरून 'ब्लेझर' हा शब्द आला. आमच्या नातवाच्या शाळेत ब्लेझर सक्तीचा आहे, मे महिन्यातसुद्धा. आता कळलं कुणाला बोल लावायचा.

मधेच वीज गेली, तर पडदेवाल्याकडं बॅटरी नव्हती. वीस मिनिटं अंधारात बसलो. पुलाचे खांब चांदण्यात दिसत होते. तो पूल १९२९ चा, नाव व्हाइसरॉय आयर्विनचं. आणि हा आयर्विन ऑक्सफर्डचाच विद्यार्थी, पुढं १९३३ ला त्या विद्यापीठाचा कुलपती झाला. हेही टिपणात होतं. बापू म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं आपण ऑक्सफर्डच्या खालनंच होडी काढत होतो."

आता हिशेब. ठरले होते २,८००, घेतले ३,०००. का, तर वेळ जास्त झाला. वेळ जास्त झाला कारण तो पाऊण तास उशिरा आला आणि वीज गेली तेव्हा बॅटरी नव्हती. हे मी त्याला शांतपणे समजावलं. तो म्हणाला, "काका, पुढच्या वेळी कमी करतो." मदतनिसानं चहाचे कप स्वतः खाली नेले, गच्चीवर वायरीचा एक तुकडा मागं ठेवला नाही, आणि जाताना पडदेवाल्यानं विचारलं, "हे व्हिडिओ मी ठेवून घेऊ का? त्या सरकत्या सीटचा तरी." मी दिले. फुकटचेच होते.

पाचपैकी साडेतीन. उशीर, बॅटरी आणि ढोलकी ह्यांचा दीड गेला. ०.६७ नसतं केलं तर दोनच दिले असते. तुम्हाला जुनं काही बघायचं असेल तर फोनवरच सांगून ठेवा: चौकट चारास तीन, संगीत बंद, आणि वेग ठरवायच्या आधी काठावरची माणसं नीट चालतात का ते बघून घ्यायचं. हात सगळ्यांचा एकसारखा नसतो, त्यामुळं प्रत्येक तुकड्याला ०.६७ च लागेल असं नाही.

ऑगस्टमधल्या शर्यतीच्या आदल्या रात्री त्याला परत बोलावलंय, ह्या खेपेला वाडीतली आताची पोरंही येणार आहेत. दोनशे रुपये त्याच्याकडं जमा धरलेत. तेव्हा वळते करू.